टेस्टप्पाचे एकशे अठरा फोटो

नाव:
खंडोजीराव जगताप. याआधी एकशे अठरा वेळा या रकान्यात मी 'टेस्ट' एवढंच टाइप केलं होतं.

वय:
कॅमेरा आला तेव्हा त्रेपन्न. आता छप्पन्न.

पत्ता:
लष्कर मोहल्ला, म्हैसूर. त्या घरी मी पुष्कळदा जेवले आहे. एकदा न जेवता परत आले.

व्यवसाय:
आमच्या नेत्रतपासणी कॅम्पच्या व्हॅनचे ड्रायव्हर. होते.

फॉर्म कोणी भरला:
अंबुजा, ऑप्टोमेट्रिस्ट, कॅम्पची प्रमुख. हाच फॉर्म मी ऑक्टोबरात एकदा भरला होता. त्यात एक रकाना खोटा भरला. म्हणून आता पुन्हा. छापील मजकूर कन्नड आणि इंग्रजीत आहे, पण मी मराठीत लिहिते, कारण खंडोजीमामा आणि मी आपसात मराठीच बोलायचो. "तुमची मराठी सोवळ्यातली, अंबक्का," ते म्हणायचे, "आमची तबेल्यातली." त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, माझे कुठल्याशा कचेरीत कारकून. दोन्ही मराठ्या आता इतक्या कन्नड झाल्या आहेत की पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून आधी हसतात आणि मग सावकाश बोलायला लागतात, आम्ही बहिरे असल्यासारखे.

रकाने अपुरे पडतील. कागद मागच्या बाजूने कोरा आहे.

तक्रार:
काही नाही.

काचबिंदूत तक्रार नसतेच. "दुखत नाही, लाल होत नाही, चष्म्याचा नंबर बदलत नाही. नजर कडेकडेने जाते, आणि मेंदू ती भोकं आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा गेलेलं परत येत नाही. म्हणून आम्ही डोळ्याच्या आतला फोटो काढतो, तक्रार नसतानाच." हे मी हुणसूरला, एच. डी. कोट्याला, शाळांच्या व्हरांड्यात आणि पंचायतीच्या हॉलमध्ये किती वेळा म्हटलं असेल. खंडोजीमामा मागे व्हॅनला टेकून ऐकायचे. मी पाणी प्यायला थांबले की पुढचं वाक्य तेच म्हणायचे, माझ्याच सुरात, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

म्हणजे त्यांना सगळं पाठ होतं. मलाही.

तक्रार कधीपासून:
आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी हेब्बाळच्या एका कारखान्यात कामगारांसाठी कॅम्प होता. फाटकाला केळीचे खांब बांधलेले, वर आडवा बांबू, त्याला आंब्याची पानं आणि झेंडू. मामांनी व्हॅन सरळ आत घातली. टपावरच्या पेट्यांनी बांबू, तोरण, माळा सगळं खाली आणलं. वॉचमन शिट्टी वाजवत धावला. मामा खाली उतरून वर बघत म्हणाले, "इतकं खाली बांधतात काय? तुमचा मालक बुटका आहे?"

सगळे हसले. मीही हसले. झेंडूची एक माळ आरशाला अडकून दिवसभर आमच्याबरोबर फिरली.

त्यानंतर आठ दिवसांनी हुणसूर रस्त्यावरच्या सिग्नलला आम्ही थांबलो नाही. डावीकडून येणारी बस करकचून थांबली आणि तिच्या ड्रायव्हरने मामांच्या घराण्याचा उद्धार केला.

"मामा, लाल होता!"

"कुठाय लाल?"

"वर! तो काय!"

व्हॅन कडेला लावून त्यांनी मान मागे टाकली आणि आरशात नव्हे, खिडकीतून बाहेर वाकून मागे वर बघितलं. "अय्यो," ते म्हणाले. "हा कधी लावला?"

तो सिग्नल तिथे वर्षानुवर्षं आहे. मान उचलल्यावर त्यांना दिसला. त्याआधी त्या जागी आभाळ होतं. आजूबाजूच्या रंगाने भरलेलं.

पूर्वी डोळे तपासले आहेत का: हो / नाही
कशावर खूण करू?

कॅम्पची जागा रोज नवी. आम्ही पोचलो की खिडक्यांना काळे पडदे लावायचे, टेबल मांडायचं, कॅमेरा बसवायचा, आणि पहिला रुग्ण यायच्या आधी एक टेस्ट फोटो काढायचा: फोकस ठीक आहे का, फ्लॅश पडतो का, कोपरे काळे येतात का. त्यासाठी कुणाचा तरी डोळा लागतो. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुली पडद्यांत गुंतलेल्या. मोकळं माणूस एकच, ड्रायव्हर. शिवाय त्यांची बाहुली अंधारात छान मोठी व्हायची, फोटो एका झटक्यात यायचा. औषध घालावं लागायचं नाही.

ते टोपी काढून बसायचे, हनुवटी टेकवायचे. "हिरवा ठिपका बघा, मामा." फ्लॅश. दुसरा डोळा. फ्लॅश.

मग ते दर वेळी विचारायचे, "डोळा बरा आहे ना, अंबक्का?"

आणि मी दर वेळी म्हणायचे, "ठणठणीत."

मी रक्तवाहिन्या रेखीव दिसतात का ते बघत असायचे. कोपरे बघायचे. कॅमेरा तपासत होते मी. ज्याच्या डोळ्यातून तो तपासत होते तो माणूस कडेला उभा राहून टोपी घालत असायचा.

ही नुसती सवय राहिली असती तरी एक वेळ. पण गेल्या वर्षापासून मामांचं डोकं घरात माळ्याच्या कडेवर आपटायला लागलं होतं. एकदा तर टेंगूळ आलं. सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी, त्यांना म्हणाल्या, डोळे दाखवून या. ते म्हणाले, "अगं, अख्ख्या म्हैसुरात कुणाचे तपासत नसतील एवढे माझे तपासतात. दर आठवड्याला! ठणठणीत आहेत." सरस्वतीबाईंनी विषय सोडला. माळ्याच्या कडेला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं. चिंधी मी पाहिली आहे. हिरवी आहे.

कुटुंबात कोणाला काचबिंदू / अंधत्व:
पहिल्याच वर्षी, हुणसूरच्या अलीकडे, मामांनी स्टीअरिंगवरचा हात काढून तंबाखू भाजायच्या कौलारू भट्ट्यांची रांग दाखवली. "आमचा अण्णा, थोरला भाऊ भीमसेन, इथं कामाला होता. धुरानं डोळे गेले त्याचे. साठीच्या आत. दोन्ही."

मी म्हटलं, "अरेरे."

दर कॅम्पला ऐंशी जणांना मी स्वतः विचारते: घरात कुणाची नजर गेली आहे का, आई, वडील, भाऊ, बहीण? कुणी धूर म्हणालं, कुणी म्हातारपण म्हणालं, कुणी देवीचा कोप म्हणालं, तरी त्यामागे काचबिंदू असू शकतो हे मीच मुलींना शिकवते. सख्ख्या भावाला असला तर धोका कितीतरी वाढतो. तो आकडा मला झोपेतही येतो.

मी अरेरे म्हटलं आणि पाण्याची बाटली उघडली.

यंत्राचा शेरा:
आमच्या कॅमेऱ्याबरोबर एक सॉफ्टवेअर आलं. फोटो घेतला की ते डोळ्याच्या मागची ती पिवळसर चकती शोधतं, जिथून मज्जातंतू मेंदूकडे जातो. चकतीच्या मध्ये फिकट खड्डा असतो. प्रत्येकाला असतो. काचबिंदूत तो रुंद होत जातो आणि भोवतीची कड झिजते, पेल्याच्या काठाला टवका जावा तशी. कड किती उरली ते मोजून सॉफ्टवेअर हिरवी खूण करतं किंवा लाल. लाल म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवा.

सुरुवातीला टेस्टचे फोटोही ते मोजायचं. पहिल्या सातांत तीनदा लाल आलं.

महिन्याचा अहवाल, पाठवलेल्यांपैकी किती आले त्याची टक्केवारी, गुंडेराव करतात, आमच्या कार्यालयातले. त्यांचा फोन आला. "कोण हो हा तुमचा टेस्ट? पुरुष, त्रेपन्न. तीनदा पाठवलाय, एकदाही आला नाही. अडाणी दिसतो."

"आमचं टेस्टिंग आहे ते, गुंडेराव."

"मग आमच्या टक्केवारीत कशाला येतो हा टेस्टप्पा?"

नाव चिकटलं. कार्यालयात गेलं की कुणीतरी विचारायचं, टेस्टप्पा आला का? मामांना मी सांगितलं तर ते इतके खूश झाले की कॅम्पमध्ये स्वतःच पुकारा करायला लागले: "चला, पहिला नंबर टेस्टप्पा!"

मी सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं की 'टेस्ट' नावाचे फोटो मोजू नका. त्यांनी दुसऱ्या दिवशी तसं केलं. माझं म्हणणं असं होतं की एकाच माणसाला एका आठवड्यात लाल आणि पुढच्या आठवड्यात हिरवं येतं, म्हणजे यंत्र अजून कच्चं आहे. तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आजार उंबरठ्यावर असला की मोजमाप असंच इकडेतिकडे होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तो फोटो उघडून स्वतः मोजला असता तर दोन मिनिटं लागली असती.

नियम असा की टेस्टचे फोटो दर महिन्याला पुसायचे. ते काम माझं. मी आळस केला. नियम पाळला असता तर आज माझ्याकडे काही नसतं. ना पुरावा, ना हा कागद.

तपासणी:
सिग्नलच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात कॅमेऱ्यासमोर बसवलं. नाव टाइप केलं. जगताप. फ्लॅश पडला आणि दोन्ही डोळ्यांच्या फोटोंपुढे लाल खूण.

या वेळी मी बघितलं. डाव्या डोळ्यात चकतीची खालची कड जवळजवळ संपलेली. उजव्यात बारीक, नखाच्या कोरीएवढी. खालची कड झिजली की वरची नजर जाते. बांबू, सिग्नल, माळा. सगळं वरचं.

"डोळा बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मामा, एक दुसरी तपासणीपण करून टाकू."

ती तपासणी अशी: एका पांढऱ्या घुमटात बघायचं, मध्ये ठिपका, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी स्क्रीनपाशी बसले. खालच्या भागात दिवे लागत होते तेव्हा टक, टक, टक, मामा पटापट दाबत होते. मग यंत्राने वरचे दिवे लावायला सुरुवात केली. मला स्क्रीनवर दिसत होतं, आता इथे लागला, आता तिथे, आता जास्त प्रखर.

बटण वाजलं नाही.

"झोपलं काय यंत्र तुमचं?" मामा घुमटातूनच म्हणाले. "दिवा लावा की!"

"लावते," मी म्हटलं.

जुने फोटो उपलब्ध: आहेत / नाहीत
डॉक्टर नरसिंहमूर्ती आमच्याकडचे काचबिंदूचे डॉक्टर. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला. डाव्यात एकतीस, उजव्यात अठ्ठावीस. एकवीसच्या वर गेला की आम्ही भुवया उंचावतो. ते मामांना म्हणाले, "हे किती वेगाने चाललंय ते मला माहीत नाही. हळू असेल तर थेंब पुरतील. वेगात असेल तर थेंबांची वाट बघणं चूक, डाव्याचं ऑपरेशन लगेच करायला हवं. आधीचा एखादा फोटो असता तर शेजारी ठेवून कळलं असतं. कधी कुठे काढलाय?"

"काढलाय की!" मामा म्हणाले. "अंबक्का दर कॅम्पला काढतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"ते टेस्टचे, सर," मी म्हटलं. "ठेवत नाही आम्ही."

"बरोबर," मामाच म्हणाले. "टेस्टचे कशाला ठेवतील?"

माझ्या हातात फॉर्म होता. मी 'नाहीत'वर खूण केली. पेन चाललं. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि सहा आठवड्यांनी बोलावलं.

जुने फोटो उपलब्ध:
(हा रकाना फॉर्मवर एकदाच आहे. मला तो तीनदा भरावा लागला.)

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी फोल्डर उघडलं. एकशे अठरा सकाळी. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत बाणाचं बटण दाबत गेलं की चित्रपटासारखं दिसतं: मधला फिकट खड्डा हळूहळू खाली सरकतो, कडेला टेकतो, कड खातो. पुढे दाबलं की झिजते, मागे दाबलं की भरून येते. मी बराच वेळ मागे दाबत राहिले.

का बोलले नाही, तर भीती. नोकरीची होतीच. त्याहून जास्त, वीस-पंचवीस मुलींना मी हे फोटो वाचायला शिकवलं आहे, त्यांना तोंड दाखवायची. आणि एक हिशेबही मी मनात मांडला होता: थेंब चालू आहेत, दाब उतरेल, कदाचित वेग कमीच असेल, मग फोटोंची गरजच पडणार नाही. मी रोज संध्याकाळी मामांना फोन करायचे. "थेंब घातले का?" "घातले, अंबक्का, घातले. सरस्वती घालते. डोळ्यात एक, गालावर तीन."

एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. पेन ड्राइव्हवर तीन फोटो घेतले होते, तिन्ही यंदाचे. तीनच, कारण तीन म्हणजे नजरचूक वाटते.

"शोधल्यावर सापडले, सर. पुसायचे राहिले होते."

ते खरंच आनंदले. तिन्ही शेजारी शेजारी लावले. मग पेनचं टोक स्क्रीनवर ठेवलं. मधल्या फोटोत, चकतीच्या काठावर, वातीच्या टोकाएवढा रक्ताचा ओरखडा होता.

"हे बघितलंस? हा काही आठवड्यांत जिरून जातो, मागमूस राहत नाही. आजार जोरात आहे एवढंच सांगून जातो. नेमका त्या दिवशी फोटो निघाला, नशीब म्हणायचं." ते वळले. "याच्या आधीचं काही? मागच्या वर्षीचं?"

तो ओरखडा मी मुलींना शिकवते. कॅम्पमध्ये कुणाच्या डोळ्यात तो दिसला तर जेवण सोडून मला हाक मारायची, असा माझा हुकूम आहे. तो फोटो जूनमधला होता. एच. डी. कोट्याचा कॅम्प. त्या सकाळी मी काय म्हणाले असेन ते मला माहीत आहे. ठणठणीत.

"एकशे अठरा आहेत, सर," मी म्हटलं. "तीन वर्षांचे."

डॉक्टर नरसिंहमूर्ती ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची सरकवून मला कीबोर्डपाशी जागा करून दिली आणि मी सगळं फोल्डर उघडलं. ते पुढे पुढे दाबत गेले. मी खिडकीबाहेर बघत होते, कारखान्यांच्या बसेस ओळीने चालल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, "सहा आठवडे थांबायचं नाही. या शुक्रवारी डावा करू." आणि थोड्या वेळाने: "एकोणीस दिवसांत काही फार बिघडलं नसेल."

नसेल, म्हणाले.

रुग्णाला सांगितलं का: हो / नाही
डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं मी सांगतो, बाकीचं तू सांग.

लष्कर मोहल्ल्यातलं घर. सरस्वतीबाईंनी माझ्यासमोर ताट मांडलं. "बसा, अक्का. हुरळीचं सार केलंय, कुळथाचं, तुम्हाला आवडतं ते." मामा टोपीशिवाय बसले होते. मी म्हटलं, आधी एक दाखवायचं आहे, आणि ताट बाजूला सरकवून लॅपटॉप उघडला.

सगळं सांगितलं. लाल खुणा, गुंडेरावांचा फोन, 'टेस्ट' मोजू नका म्हणून मी कळवलं ते, हुणसूरच्या भट्ट्या. एका दमात.

मामा स्क्रीनजवळ आले, हनुवटी वर करून. वरचं दिसण्यासाठी आता ते तसंच करतात. त्यांना फोटोतलं काही कळत नव्हतं, तांबड्या गोळ्यात पिवळी चकती, सगळे सारखेच. पण खाली तारखा होत्या. तारखा ते वाचत गेले.

"हा कोट्याचा. हत्ती आडवा आलेला, दीड तास थांबलो होतो. हा हुणसूर, शाळेत पोरांनी चाक पंक्चर केलेलं. ह्या दिवशी तुमची आई आजारी होती ना? तुम्ही फोनवर रडत होतात." त्यांनी बोट उचललं. "ह्यातल्या कुठल्या दिवशी सांगितलं असतं तर चाललं असतं?"

"पहिल्या."

सरस्वतीबाई आत गेल्या. माळ्याखालून गेल्या. मी त्या हिरव्या चिंधीकडे बघत राहिले.

मामांनी हनुवटी खाली केली. मग म्हणाले, "होगली बिडी. जाऊ द्या. तीन वर्षं तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? तुम्ही बघितलंच नाही. मी व्हॅनचं ऑईल बघायला विसरलो तर इंजिन बसतंच की. मुद्दाम कोण करतो?"

मला रडू यायला लागलं होतं. सुटल्याचं रडू. ते यायला नको होतं.

"पण एक सांगा," ते म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं, जुना फोटो आहे का. मी म्हटलं, अंबक्का काढतात. तुम्ही म्हणालात, ठेवत नाही. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मी तुमच्या बाजूने बोललो. टेस्टचे कशाला ठेवतील, म्हटलं."

"हो, मामा."

"मग रोज संध्याकाळी फोन करत होतात, थेंब घातले का, थेंब घातले का. तो फोन कशाला होता?"

रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

सरस्वतीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझं ताट उचललं नाही. वाढलंही नाही. मी लॅपटॉप मिटला.

उपचार:
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाब चौदावर आला. उजव्याला थेंब. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल असं डॉक्टर म्हणतात. व्हॅनची किल्ली मामांनी स्वतः कार्यालयात नेऊन गुंडेरावांच्या टेबलावर ठेवली. मला भेटले नाहीत. आता ते दवाखान्याच्या औषधांच्या गोदामात बसतात. गुंडेराव तेव्हापासून टेस्टप्पा म्हणत नाहीत. एकदा जवळ येऊन म्हणाले, "टक्केवारीचं मीच बोललो होतो, अंबुजम्मा." मी म्हटलं, कळवलं मी होतं.

मामांच्या धाकट्या बहिणीची, नर्मदाबाईंची तपासणी झाली. उजव्या डोळ्यात सुरुवात आहे, वेळेत सापडली. मामांनीच त्यांना आणलं. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी सांगितलं होतं, "फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या." मुलीने मला ते सांगितलं नाही. मला दुसरीकडून कळलं.

माझ्यावरची चौकशी चालू आहे. कॅम्पमध्ये 'टेस्ट' हे नाव आता यंत्र स्वीकारत नाही. सकाळचा पहिला फोटो ज्याचा काढू त्याचं नाव, वय, घरात कुणाला, सगळं विचारते. नवा ड्रायव्हर संताजीराव वैतागतो. "रोज तेच काय विचारता, मॅडम? कालपासून माझा भाऊ बदलला काय?" मी तरी विचारते.

पुढची तपासणी:
ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी. फोटो काढणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती. मामा दारात आले, आत मी दिसले, थांबले. मागे रांग होती. मग आत आले आणि टोपी काढून बसले.

मी नाव टाइप करायला लागले.

"पूर्ण लिहा," ते म्हणाले. अडीच महिन्यांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द. "टेस्टप्पा नको."

"पूर्णच लिहिलंय, मामा."

त्यांनी हनुवटी टेकवली. हिरवा ठिपका. फ्लॅश. दुसरा डोळा. फ्लॅश.

इथे ते विचारायचे. एकशे अठरा वेळा विचारलं होतं. मी वाट बघितली. ते हनुवटी टेकवून तसेच राहिले, आणि माझं तोंड जुन्या सवयीने आपोआप उघडलं.

"डोळा—"

"आधी बघा," ते म्हणाले. "मग बोला."

मी फोटो मोठा केला. डावा. चकती, तिच्यातला मोठा फिकट खड्डा, खाली कड नाही. वर आहे. डावीकडे आहे. उजवीकडे बारीक, पण आहे. काठाकाठाने फिरले, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि मग उलट. ओरखडा कुठे नाही. ऑक्टोबरातला फोटो शेजारी लावला. कड मोजली. पुन्हा मोजली. रांगेतून कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, इतका वेळ का लागतोय.

मग उजवा उघडला.

फोटो काढून झाले होते, तरी मामांनी हनुवटी उचलली नव्हती. ते अंधारात, यंत्राला कपाळ टेकवून, थांबले होते. मी बघत होते.